शॉर्टकट घेऊन अकोल्याला गेले त्याची गोष्ट

कोजागिरीच्या आदल्या दिवशी अमरावतीहून अकोल्याला माहेरी गेले... पर्समध्ये पेनड्राइव्ह आणि डोक्यात नुसती हवा! आईची भुलाबाईची गाणी घेऊन चालले होते ना.

थोडं आधीचं सांगते. उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, पण शब्द वाकडे यायला लागले. तिचं तिलाच कसंतरी व्हायचं, मग तिने बोलणंच टाकलं. डॉक्टर सांगून थकले, बोलल्याशिवाय जीभ वळणार नाही म्हणून. पण आमची आई ती... एकदा नाही म्हटलं की नाही.

हिच्याच अंगणात दरवर्षी कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाईची मातीची मूर्ती बसते. गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन येतात, आई गाणी सांगते, मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. यंदाही पोरी आल्या, पण गाणी कोणालाच पूर्ण येईनात. दोन कडवी झाली की खाऊवर उड्या! आई खुर्चीत बसून नुसती बघायची. वहिनीने हे फोनवर सांगितलं.

तेव्हा आठवलं... माझ्या मुलीने कॉलेजात असताना आजीची सगळी गाणी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. डेस्कटॉपवर 'आजीची भुलाबाई' असं चित्र होतंच. दाबलं की आई ठणठणीत आवाजात गायला लागायची. तिचाच आवाज तिला ऐकवू, कदाचित तोंड उघडेल, एवढीच माझी आशा. ते चित्र कॉपी केलं, पेनड्राइव्हमध्ये पेस्ट केलं आणि निघाले.

अकोल्यात वहिनीच्या लॅपटॉपला लावलं. पोरी गोल करून उभ्या, आई खुर्चीत... आणि स्क्रीनवर काय, तर फाइल सापडत नाही! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वहिनी शाळेत शिकवते, तिला यातलं कळतं. तिने चित्राच्या कोपऱ्यातला बारकासा बाण दाखवला. "ताई, हा शॉर्टकट हाये. तुमी नुसता पत्ता घेऊन आल्या, गाणी तिकडंच राह्यली!" आणि लागली हसायला. मलाही हसू आलं असतं, पण आईची ती फिरलेली मान डोळ्यांसमोरून हलेना.

झालं! ठरवलं, उद्या भुलाबाईचं विसर्जन व्हायच्या आत गाणी आणीनच. सकाळच्या पहिल्या गाडीने परत अमरावती.

आमचे हे म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर दुकानात द्यायचाच आहे, तो काढून देईल." दुकानवाला तर आधीच सांगून बसलेला, सगळं पुसून नवीन टाकतो म्हणून! म्हटलं, खबरदार कोणी हात लावला तर. मुलीला फोन केला तर ती बंगलोरला मीटिंगमध्ये. राहू दे, आपणच पाहू.

डॉक्युमेंट्स उघडलं, तिथे लग्नपत्रिकांचे नमुने. म्युझिकमध्ये ह्यांच्या गझला. सी ड्राइव्हमध्ये अशी काही नावं होती, की हात जोडून बंद केला. सर्चमध्ये 'भुलाबाई' टाकलं तर पुन्हा तोच बाणवाला! अशी चिडले म्हणता...

मग वहिनीचं बोलणं आठवलं. पत्ता आहे ना हा? मग पत्ताच वाचू की! त्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबलं आणि जे जे आलं ते एकेक ओळ वाचत खाली गेले. 'ओपन फाइल लोकेशन'... दाबलं. डी ड्राइव्ह, त्यात 'कॉलेज', त्यात 'प्रोजेक्ट', त्यात 'नवीन फोल्डर'. आणि तिथे सगळी गाणी! काहून गं बाई, आजीला एवढं आत कोंडलं?

या वेळी कॉपी व्हायला बराच वेळ लागला. हिरवी पट्टी हळूहळू सरकताना पाहिली तेव्हा कळलं, आता खरा माल चालला आहे. तरी विश्वास नाही. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लावून ऐकलं आणि मगच बस पकडली. मूर्तिजापूरपर्यंत उभी होते, पर्स छातीशी धरून.

संध्याकाळी अंगणात शेगडीवर दूध आटत होतं. लॅपटॉप सुरू केला आणि आईचा जुना आवाज घुमला. पोरींनी टिपऱ्या धरल्या. मला वाटलं आता आई रडेल... तर हिच्या कपाळाला आठ्या! हात वर करून थांबायची खूण. घाबरून मी गाणं बंद केलं.

"चु... चुकलं," आई म्हणाली.

वहिनी पुढे वाकली. "काय चुकलं, आई?"

"पाटल्या... आंधी. मंग... जोडवे."

भुलाबाईचे दागिने सांगताना रेकॉर्डिंगमध्ये तिनेच क्रम चुकवला होता, आणि ते तिला सहन होईना! मग खुर्चीच्या हातावर ताल धरून, अडखळत, वाकडं का होईना, पण ते कडवं तिने पोरींना पूर्ण सांगितलं. पोरींनी मागून म्हटलं. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघतच नव्हतो. बघितलं असतं तर दोघीही तिथेच रडत बसलो असतो.

परवा सकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, चहा फिका हाये म्हनून आईनं आज मले चांगलंच झापलं!" सांगताना तिला हसू आवरेना. सासूची बोलणी खाऊन एवढी खूश झालेली सून मी पहिल्यांदाच पाहिली... देवा, रोज झापू दे रे तिला.