हिरोचं डबिंग बाकी आहे

सिनेमा शुक्रवारी लागतो आणि पुढच्या शुक्रवारी उतरतो. किस्से मात्र उतरायचं नाव घेत नाहीत. आमच्या युनिटमधले आम्ही दोघं-तिघं अजूनही दादरला चहाला भेटलो की त्याच सिनेमावर घसरतो. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्ही तो बघितलेला नसणार. बघितला आम्हीच, तोही फुकट.

मी त्यात साउंडला होतो. गोष्ट एवढीच: हिरो साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलीला टाकून परदेशी पळतो, वीस वर्षांनी पश्चात्तापाने पोळून परत येतो आणि ती त्याला माफ करते. शेवटच्या सीनमध्ये तिचे ओठ हलतात, पण ऐकू येतं ते फक्त व्हायोलिन. एका परीक्षणात त्या मौनाला दिग्दर्शकाचं धाडस म्हटलं होतं. ते वाचून आमच्या विल्फ्रेडला चहाचा ठसका लागला.

*

विल्फ्रेड आमचा मेकअपमन, गिरगावातला. दिग्दर्शक श्रीरंगसरांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की हिरोचा अपराधीपणा दाढीतून दिसला पाहिजे. जसजसं मन खाईल तसतशी दाढी वाढेल.

हिरोने ती इमानाने वाढवली आणि अर्ध्या शूटिंगवर एक जाहिरात करून आला. जाहिरात शेव्हिंग क्रीमची!

विल्फ्रेडने खोटी दाढी चिकटवली. परळच्या उकाड्यात ती कानाकडून सुटायला लागली. त्यामुळे मध्यंतरानंतर दोन सीन आमचा हिरो अगदीच निर्दोष दिसतो.

*

भोईवाड्यातल्या एका चाळीत आम्ही माफीचा सीन लावला होता. हिरो दारात मान खाली घालून उभा. क्लोजअप झाला, लाँग शॉट झाला, मग ट्रॉली लावली. जेवणाची वेळ टळली तरी मान खालीच.

शेजारच्या खोलीतल्या मालवणी काकी तांदूळ निवडत सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हो मेलो सकाळपासून माफी मागता," त्या म्हणाल्या. "कामाक कधी जातलो?"

श्रीरंगसरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, सामान्य माणसाला वेदना कळत नाही.

*

मग त्यांना चर्चमधलं कन्फेशन हवंसं वाटलं. हिरो देशस्थ ब्राह्मण, पण सरांना जाळीआडचा प्रकाश आवडला होता. त्यांनी लिहिलेला सीन विल्फ्रेडला वाचायला दिला. हिरो त्यात पाद्रीबाबांना सांगतो की वडील कडक होते, वय कोवळं होतं, करिअरची संधी पुन्हा आली नसती, आणि ती मुलगीही जरा हट्टीच होती.

विल्फ्रेडने पानं नीट जुळवून परत दिली. "सर, ह्याला आमच्यात कन्फेशन नाय बोलत. ह्याला कंप्लेंट बोलतात."

चर्चची परवानगी काही मिळाली नाही. तो सीन शेवटी लोअर परळच्या एका टॉवरच्या लिफ्टमध्ये उरकला.

*

हिरॉइन चंदीगडची. गुणी मुलगी, पण मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. अशा वेळी आमच्या धंद्यात आकडे बोलायला लावतात. चेहऱ्यावर भाव आणायचे, तोंडाने आकडे म्हणायचे, शब्द नंतर डबिंगला बसवायचे.

क्लायमॅक्सला तिने हिरोचा हात हातात घेतला, डोळ्यांत खरं पाणी आणलं आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "छब्बीस, सत्ताईस, अट्ठाईस."

मॉनिटरमागे श्रीरंगसर हमसून हमसून रडत होते.

तेव्हा मी हसलो होतो. ते का रडले ते विल्फ्रेडने चहाच्या वेळी सांगितलं. गोष्ट त्यांची स्वतःचीच होती. वीस वर्षांपूर्वी दादरमध्ये साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मित्राकरवी निरोप पाठवला आणि फिल्मचा कोर्स करायला परदेशी गेले. त्यानंतर त्या मुलीला तोंडही दाखवलं नाही. मुलगी त्यांच्याच नाटकाच्या ग्रुपमधली, वसुधा.

*

आता वसुधाताई मराठी डबिंगमधला नावाजलेला आवाज आहे. श्रीरंगसरांनी हिरॉइनसाठी नेमकं तिलाच बोलावलं. फोन प्रॉडक्शनवाल्याला करायला लावला, आणि गोष्ट काय आहे ते सांगितलंच नाही. त्यांना डबिंग नको होतं, तिच्या तोंडचं माफीचं ते एक वाक्य हवं होतं, तेही समोर न जाता. मला त्या माणसाची किळस आली.

पहिल्या दोन सीनमध्येच तिला सगळं कळलं असणार. पण बाई कामाला पक्की. एकेक लूप, म्हणजे पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरणारा सीनचा तुकडा, चोख दिला. साखरपुडा मोडल्यावर हिरॉइन महिनाभर खिडकीत बसून असते, तिथे मात्र तिने मला विचारलं, "हिला ऑफिस नाही का रे?"

"दाखवलेलं नाही, ताई."

"मी गेले होते दुसऱ्या दिवशी. सगळे पेढे मागत होते."

मी उगाच तिच्या माइकची लेव्हल बघत बसलो.

*

शेवटचा लूप आला. त्या दिवशी श्रीरंगसर स्टुडिओत हजर, पण काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारी. पलीकडे बूथमध्ये वसुधाताई एकटी. कागदावर वाक्य होतं, 'मी तुला केव्हाच माफ केलंय.'

तिने हेडफोन लावले. मी लूप चालवला. पडद्यावर हिरोचे ओठ हलले, मग हिरॉइनचे. लूप रिकामाच संपला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मी पुन्हा लावला.

"याच्या आधी तो काय म्हणतो?"

"हिरोचं डबिंग बाकी आहे, ताई. लोकेशनचा आवाज जनरेटरने खाल्ला. सध्या तिथे काहीच नाही."

श्रीरंगसरांनी बूथमध्ये बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं. "त्याने माफी मागितली असं समज. तू पुढचं बोल."

वसुधाताईने हेडफोन काढून खुंटीला लावले आणि पहिल्यांदाच काचेतून सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"त्याचं मागून झालं की बोलव मला."

श्रीरंगसरांनी पुन्हा बटण दाबलं. बूथमधला टॉकबॅकचा लाल दिवा लागला. ती थांबली. दिवा बराच वेळ तसाच होता.

"हिरोच्या डेट्स मिळणं कठीण आहे," श्रीरंगसर म्हणाले.

वसुधाताईने पर्स उचलली.

"मग व्हायोलिन टाक."