कुलूप आपलं, दार त्यांचं

किल्लीनाना दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलत, त्यातली सहा कुलपाशी. लेक मात्र अशी बडबडी की अख्खा बाजार तिला तोफ म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. एकतीस वर्षांची ही तोफ चांगली नोकरी सोडून बापाच्या कुलूपकिल्लीच्या दुकानात येऊन बसली, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. पोरीचं डोकं फिरलं म्हणाले. फिरलंबिरलं काही नव्हतं. नानांचे हात थरथरायला लागले होते, आणि चाळीस वर्षांची हत्यारांची पेटी भंगारात जाताना बघणं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच.

पण दुकान काही चालेना. शेजारचा मोबाईलवाला गाळ्यावर डोळा ठेवून होता, आणि महिनाअखेरीला गाळा त्याला देऊन मोकळं व्हायचं, असं नानांनी मनाशी जवळजवळ ठरवलंही होतं. तेवढ्यात नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाची जाहिरात आली. दोनशे खोल्यांची कुलपं बदलायची आणि पुढे पाच वर्षं सांभाळायची. हे काम मिळालं तर दुकान राहणार, नाही तर शटर कायमचं खाली.

अर्ज सोपाच होता. शेवटच्या पानावर मात्र तीन रिकाम्या चौकटी होत्या. आपल्या व्यवसायाची दृष्टी, ध्येय आणि मूल्ये लिहा.

"दृष्टी?" नाना म्हणाले. "गेल्या वर्षीच मोतीबिंदू काढलाय म्हणून लिही."

तोफेने मोबाईल उघडला आणि कुठल्याशा झकपक वेबसाइटवरून तीन परिच्छेद उचलले. 'ग्राहककेंद्री सुरक्षेतून जागतिक दर्जाची उत्कृष्टता' वगैरे वगैरे. जागतिक! दुकान सहा बाय आठचं, आत स्टूल ठेवलं की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं.

चार दिवसांनी वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंनी बोलावलं. बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी टेबलावर चार अर्ज पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाल्या, "वाचा."

तोफेने वाचलं आणि तिला घामच फुटला. चारही अर्जांत तीच जागतिक दर्जाची उत्कृष्टता, त्याच ओळी, एका शब्दाचा फरक नाही.

"चौघांनी एकाच वहीतून कॉपी केलीत," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी अकराला या. आपलं आपलं लिहून आणा. बाकीच्या तिघांनाही हेच सांगितलंय. नसेल जमत तर येऊच नका."

तोफेची बोलती बंद. आयुष्यात पहिल्यांदा.

दुकानात आल्यावर मात्र तिने कसर भरून काढली. "नाना, आपली मूल्यं काय?"

"कुलूप उघडायचं."

"अहो, ते काम झालं! मूल्यं विचारतेय मी."

"नीट उघडायचं."

"तुम्हाला ना, कशाचं काही पडलेलंच नाहीये!" ती ओरडली. नाना कानशीवर वाकले, हात थरथरला आणि हातातली किल्ली वाया गेली. तोफेला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण माफी मागायला तिला शब्द सापडेनात, आणि सगळा बुधवार असाच घुम्यासारखा गेला.

गुरुवारी दुपारी फोन आला. एक निवृत्त नर्सबाई कचरा टाकायला बाहेर आल्या आणि मागे दार ओढलं गेलं. किल्ली आत, बाई बाहेर, पायात चप्पलसुद्धा नाही. बापलेक तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोहोचले. नानांनी टॉर्च धरला, तोफेने आकडा घातला. चार मिनिटांत कट्कन आवाज आला! खुशीत येऊन तिने दार ढकलायला पंजा टेकवला, तोच नानांनी तिचं मनगट पकडलं.

"हात काढ."

एवढ्या कडक आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी जिन्याकडे तोंड केलं, तिलाही खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाले, "बाई, कुलूप उघडलंय. दार तुमचं तुम्ही उघडा."

जिना उतरताना तिने विचारलं, हे काय होतं? आणि त्या दिवशी नानांनी दहा वाक्यांचा नेम मोडला.

"नवीन होतो तेव्हा. एका बाईंचं कुलूप उघडलं आणि मोठ्या ऐटीत दार ढकललं. मागे सगळा शेजार जमलेला. आत काय, तर एक चटई आणि एक बादली. नवरा घर रिकामं करून निघून गेला होता, आणि त्या माउलीने चार महिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. माझ्यामुळे सगळ्यांना दिसलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं. त्या 'आभारी आहे' म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हापासून मी कुणाचं दार ढकललं नाही."

तोफ तिथेच पायरीवर बसली. "नाना, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू मूल्यं विचारत होतीस."

तिने पिशवीतून कागद काढला आणि तिथेच लिहायला घेतलं.

शुक्रवारी बाईंनी तो कागद दोनदा वाचला. वर लिहिलं होतं, कोणावरही स्वतःच्याच घराबाहेर ताटकळत उभं राहायची वेळ येऊ नये. खाली, फोन आल्यावर अर्ध्या तासात पोहोचायचं आणि दाराला ओरखडा न पाडता कुलूप उघडायचं. आणि शेवटी, कुलूप आम्ही उघडतो, दार ज्याचं त्याने उघडायचं. तोवर आम्ही दाराकडे पाठ करून उभे राहतो.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही खरंच असं करता?"

"नाना करतात, चाळीस वर्षं," तोफ म्हणाली. खोटं बोलवेना. "मी कालपासून."

"आहेत कुठे ते?"

"बाहेर. आत चला म्हटलं, तर म्हणाले, बोलणं तुझं आहे."

दार किलकिलं होतं. फटीतून दिसत होते नाना. पायाशी पेटी, तोंड समोरच्या भिंतीकडे आणि दाराकडे पाठ. बाई क्षणभर बघत राहिल्या. मग स्वतः उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि दार सताड उघडलं.

"काका, आत या," त्या म्हणाल्या. "दोनशे दारं आहेत. कुठल्या मजल्यापासून सुरुवात करायची, ते बसून ठरवू."

नाना वळले. आधी त्यांनी लेकीकडे पाहिलं. तोफ रडत होती, आणि मुख्य म्हणजे गप्प होती.