रिकामी ट्रायल

दत्तोबांचं सगळं आयुष्य मशीन बंद पडू नये या काळजीत गेलं. चाकणच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. प्रेस अडली की दत्तोबा, पट्टा तुटला की दत्तोबा. आठवड्याची सुट्टी गुरुवारी, पण कारखाना बंद असतो तेव्हाच दुरुस्ती निघते, त्यामुळे ती सुट्टीही त्यांची नव्हेच. लग्नाकार्याला गिरजाबाई एकट्याच जायच्या. "दाजी नाही आले?" याचं उत्तर देऊन देऊन बिचारीचं तोंड दुखायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून तळेगावला उतरून घरात पाऊल टाकलं की दत्तोबांचा पहिला शब्द ठरलेला असे, "दमलोय गं." रिटायर झाले तरी तो शब्द काही सुटला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली, ती गिरजाबाईंच्या गुडघ्यांसाठी. बसची पायरी त्यांना चढवेना, आणि खोपोलीला त्यांची थोरली बहीण केसरबाई अंथरुणाला खिळलेली. खिडकीशी खाट टाकून ती दिवसभर रस्ता बघत पडून असे. फोनवरचं तिचं बोलणं आता नीट कळतही नव्हतं. आक्काला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच गिरजाबाईंचं मागणं होतं.

पण गाडी जायची कुठे, तर दळणाला आणि मंडईत. अशातच एक दिवस स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या बाजूला पिवळा दिवा लागला. धूर गाळणारं फिल्टर काजळीनं तुंबलंय, डिझेलमध्ये औषध टाका, असं शेजाऱ्यानं सांगितलं. दत्तोबांनी टाकलं. दिवा विझला आणि पुन्हा लागला. मग दुसऱ्या कंपनीची बाटली आणली. मग दोन्ही एकदम ओतल्या, त्याही सढळ हातानं, कारण ग्रीस कमी पडून गेलेल्या मशिनी त्यांनी ढिगानं पाहिल्या होत्या, जास्त होऊन गेलेली एकही नाही. गाडी ओढेनाशी झाली.

"जायाचं का ह्या आठवड्यात?" गिरजाबाई विचारायच्या.

"दिवा लागलाय गं. घाटात बंद पडली म्हंजी?"

खरं सांगायचं तर दत्तोबांना त्या दिव्याचा आधारच झाला होता. लांब कुठे जायचं म्हटलं की त्यांना आधीच थकवा यायचा. आता नाही म्हणायचं पाप दिव्याच्या माथी मारता येत होतं. गिरजाबाईंना हे कळत नव्हतं असं नाही, पण भांडायचं त्राण त्यांच्यातही उरलं नव्हतं.

शेवटी आक्कानं खाणंपिणं कमी केल्याचा निरोप आला. त्या दिवशी गिरजाबाईंनी काहीच विचारलं नाही, नुसत्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. ते मात्र दत्तोबांना बघवेना. त्यांनी गाडी थेट रहिमान मिस्त्रीच्या गॅरेजला नेली.

रहिमाननं फिल्टर खोलून दाखवलं. "काका, औषधानंच आजारी पडली ही. काजळी जळून जाते, पण औषधाची राख जळत नाही, आतच बसते. आणि तुम्ही तर बाटल्याच्या बाटल्या पाजल्या." त्यानं फिल्टर साफ करून बसवलं. "आता तिला लांब न्या. इंजिन तापायला पाहिजे, मधे बंद नका करू. घाट उतरा, चढून या."

"खोपोलीपत्तुर?"

"बस झालं की."

आता खोपोली म्हटल्यावर कुणीही बायकोला हाक मारली असती. पण दत्तोबांच्या खात्यात एक नियम होता. दुरुस्त झालेली मशीन आधी रिकामी चालवायची. माल घालायचा नाही, जवळ माणूस उभा करायचा नाही. हा नियम न पाळल्यानं एकाची बोटं गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. घाटात गाडी अडली तर गिरजानं त्या गुडघ्यांनी उन्हात उभं राहायचं का? म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, ती झोपेत असतानाच, ते हळूच निघाले.

गाडी घाट उतरली. खोपोलीच्या फाट्यावर इंजिन चालू ठेवूनच त्यांनी टपरीवरचा चहा घेतला, आणि लगेच फिरले. परत चढताना ती अशी काही ओढत होती की दत्तोबा एकटेच हसले. दिवा लागला नाही. कित्येक वर्षांनी त्यांना हलकं हलकं वाटत होतं.

गिरजाबाई ओट्याशी खाली बसून मेथी निवडत होत्या.

"कुटं गेला हुता न सांगता?"

"खोपोलीला! दिवा गेला गिरजे. फाट्यावर च्या घेतला, घाट तर अशी चढली..."

गिरजाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. गुडघ्यावर हात टेकून त्या लगबगीनं उठल्या. चेहरा उजळला होता.

"आक्का कशी हाय?"

खिशात टाकलेली किल्ली दत्तोबांनी पुन्हा बाहेर काढली.

"तिकडं न्हाई गेलो. ट्रायल हुती. रिकामीच घ्यायची असती ती. आता तुला नेतो. चल, आत्ताच निघू."

"फाट्यावरनं तिची खिडकी दिसती," गिरजाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तिलाबी फाटा दिसत असल."

त्या पुन्हा खाली बसल्या आणि मेथीची पानं खुडू लागल्या.

"आपली गाडी ती वळखत न्हाई, त्येवढं बरं. ऱ्हाऊ द्या आज. दमला असाल तुमी."

दत्तोबा किल्ली हातात घेऊन उभे होते. आज ते मुळीच दमले नव्हते, पण आता ते कोणत्या तोंडानं सांगणार?