बनावट पत्रातील खरी ताकीद

ते प्रकरण आठवले की आजही संताप येतो, आणि तो आरोपीवरचा नाही.

धाराशिवच्या ठाण्यात सकाळची हजेरी संपत होती. रबरी शिक्के करून देणारे एक वृद्ध दुकानदार आले. संस्थेचे मागणीपत्र पाहिल्याशिवाय ते गोल शिक्का करत नसत.

"साहेब, एक जण इमान कंपनीचा शिक्का मागायलाय. पत्र आण म्हनलं, तर म्हनतो कंपनीच न्हाय राहिली. मग शिक्का कशाला रं? चारला ये म्हनलंय."

चार वाजता आम्ही त्याला दुकानातच ताब्यात घेतले. तिशीचा तरुण. पिशवीत बंद पडलेल्या एका विमान कंपनीच्या नावाचे अनुभवपत्र निघाले. सही झालेली होती, फक्त शिक्का बाकी होता.

स्वस्त तिकिटांची ती कंपनी एका देशी उद्योगसमूहाने आणि एका परदेशी विमान कंपनीने भागीदारीत काढली होती. जन्मात विमानात न बसलेले लोक तिने विमानात बसवले. पुढे भागीदारांचे बिनसले, भाड्याची विमाने मालकांनी परत नेली आणि एके सकाळी तिकीट खिडकी उघडलीच नाही. नोकऱ्यांचे आमिष दाखवणारी टोळी हाती लागली, असे मला वाटले.

"किती जणांना असली पत्रं दिलीस?"

"एकच केलंय साहेब. माझंच."

हवालदार हसले. "इमान खाली बसलं, आन् हे एकटंच उडायलंय!"

तो मूळचा ढोकीचा, विमान देखभालीचा तंत्रज्ञ. दुसऱ्या कंपनीला अनुभवपत्र हवे होते. त्याशिवाय नेमणूक नव्हती. मी पत्र पुन्हा वाचले. शेवटच्या ओळीत लिहिले होते: 'कामावर उशिरा आल्याबद्दल एकदा लेखी ताकीद.'

"खोटंच लिहायचं होतं, तर ही ताकीद कशाला घातलीस?"

"मिळाली होती, साहेब."

टोळीचा संशय तिथेच मिटला. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ बनावट कागद पाहिले; स्वतःची चूक नोंदवणारा तो एकच. परंतु सही दुसऱ्याच्या नावाने केलेली होती, म्हणून गुन्हा दाखल केला. अटकेची खबर नातेवाइकाला देणे बंधनकारक असते.

"घरी नका कळवू. तिथं म्या अजून विमानतळावरच हाय," तो म्हणाला. त्यासाठीच तो धाराशिवला एकटा खोली घेऊन राहत होता. सणाला घरी गेला तरी सुटी संपली म्हणून ठरल्या दिवशी निघे.

मी फोन लावला. वडील म्हणाले, "पोलीस? अन् त्यो तर ड्युटीवर हाय न्हवं?"

मी त्यांना ठाण्याचा पत्ता सांगितला.

त्याने सांगितलेला सेवाकाळ खरा आहे का, अशी विचारणा मी दोन्ही भागीदारांकडे पत्राने केली. देशी भागीदाराने कळवले की कर्मचाऱ्यांचे दप्तर परदेशी भागीदाराकडे आहे. परदेशी भागीदाराने नेमके उलटे कळवले. स्मरणपत्रे पाठवली, उत्तरे तीच. दोन्ही उत्तरे मी दोषारोपपत्राला जोडली. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटला.

वर्षभराने एका विमान दुरुस्ती कंपनीने अनुभवपत्र न मागता त्याच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतले व त्याची निवड केली. मात्र विमानतळाच्या प्रवेशपासासाठी चारित्र्य पडताळणी आवश्यक होती. तो अर्ज माझ्याच टेबलावर आला, आणि पाठोपाठ तोही.

"लिहा साहेब. हाय ते लिहा."

मी गुन्ह्याची नोंद लिहिली. सोबत सर्व हकिकत सांगणारे स्वतंत्र पानही जोडले. पास नाकारला गेला. त्या पानाचा उल्लेखही कुठे नव्हता.

खोटा कागद करणारा मला एका दुपारी सापडला. खरा कागद देण्याचे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांच्यासाठी मी कलमे चाळत राहिलो. निवृत्तीनंतरही दोन्ही भागीदारांना पत्रे लिहिली. उत्तर येत नाही. कायद्याने माझ्याकडून जे करून घ्यायचे ते करून घेतले. मी कायद्याकडे काही मागितले, तेव्हा मात्र खिडकीपलीकडे कोणीच नव्हते.