टाक्यातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, खात्यातल्या त्या तिघांना तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा लपवून ठेवायचाही आता कंटाळा आलाय—माहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा साताऱ्याकडचा. बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो, सरावलीत खोली करून राहायचो. आमची सुट्टी शुक्रवारी, आणि शुक्रवारी करायचं काय हा मोठाच प्रश्न. कँटीनमध्ये मी गडकिल्ल्यांच्या बाता फार मारायचो. सगळे मला ‘सरदार’ म्हणून चिडवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्यातूनच बेत ठरला—एप्रिलअखेर डोंगरातल्या एका पडक्या गडावर जायचं, सकाळी निघून संध्याकाळी परत. वाट एका घळीतून. पावसाळ्यात तिथून ओढा वाहतो, उन्हाळ्यात नुसते काळे धोंडे, दोन्ही बाजूंना उभा कडा, झाड म्हणून नाही. नकाशा मी काढला, कुणी काय आणायचं याची यादीही मीच केली. पुढारपणाची हौस दांडगी.

आधीच्या शुक्रवारी मी एकटाच वाट बघून यायला गेलो. पायथ्याच्या पाड्यावर लखमा भेटला. वारली माणूस, बोईसरच्या बाजारात लाकडाच्या मोळ्या घेऊन यायचा, त्यामुळे तोंडओळख होती. गडावरच्या टाक्यात पाणी असतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, टाक्याला चीर गेलीय, होळीनंतर थेंब राहत नाही. खात्री करायची तर वर जाऊन बघ. मी निघालो. निम्म्या घळीपर्यंत गेलो—आणि बसलो. ऊन फार होतं. थोड्या वेळानं उठलो आणि खालीच आलो.

आमच्या मुलखात गडावरची टाकी कातळात खोदलेली, भर मे महिन्यातही पाणी गार. तेव्हा मला वाटलं, याला काय कळतंय? पण खरंच वाटलं का? की टाकं कोरडं म्हटलं तर बेत दिवाळीनंतर जाणार, आणि ‘सरदार’ची कँटीनमध्ये फजिती होणार—म्हणून मी तसं वाटून घेतलं? वाटूनच घेतलं.

जयवंत आमच्याच खात्यातला. दातिवऱ्याचा. बाप आणि भाऊ होडीवर, घरातून कारखान्यात लागलेला हा पहिलाच. पाच लिटरचा कॅन तो आणणार, असं माझ्या यादीत होतं. आदल्या दिवशी त्यानं मला गाठलं.

“भाऊ, वर पानी हाय ना? मंग कॅन नाय आणत.”

आहे, म्हटलं. कुणी सांगितलं, तर पाड्यावरच्या लखमानं. लखमाचं नाव मी का घेतलं? तोंडाला आलं, घेतलं. वर जाऊन पाहिलं नाही हे सांगायची लाज वाटत होती, आणि त्याचं नाव आयतं होतं.

आम्ही पाच जण गेलो—मी, जयवंत आणि खात्यातले ते तिघे—प्रत्येकाकडे एकेक बाटली. वर पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. पडका दरवाजा, थोडी तटबंदी, आणि टाक्यात वाळलेला पाला. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लखमाला शिवी दिली.

उतरताना एकाला उलट्या झाल्या. जयवंतनं आपलं उरलेलं पाणी त्याला दिलं. समुद्रावरचा माणूस, उन्हाला कोण भितो म्हणाला. पण समुद्रावर वारा असतो. त्या घळीत धोंडे तव्यासारखे तापलेले. त्याचा घाम थांबला. मग तो जाळी ओढायला भावाला हाका मारू लागला. मग पडला. मी त्याला खांद्यावर घेतलं. पाड्यावरून लखमाच हंडा घेऊन धावत वर आला, त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिला. काही उपयोग नव्हता.

पंधरा दिवसांनी त्या तिघांनी लखमाला बाजारात मोळ्यांपाशी धरलं. मीही त्यांच्याबरोबर होतो. पहिला हात पडला तेव्हा त्यानं मारणाऱ्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“मी तुला सांगितलेला ना, पानी नाय.”

तिघे थांबले. माझ्याकडे वळले. खरं सांगतो, ते थांबले होते. एक शब्द पुरला असता. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“खोटं बोलतोय,” मी म्हणालो.

मग त्यांनी त्याचा हात मोडला. मी मारलं नाही. मोळी सुटून लाकडं रस्त्यावर पसरली होती, तीही मी उचलली नाहीत. त्यानंतर लखमा बाजारात दिसला नाही. एका हातानं मोळी बांधता येते का? विचारायला मी पाड्यावर कधी गेलो नाही. पुढे अठरा वर्षं मी बोईसरलाच होतो.

जयवंतला मी खांद्यावरून खाली आणलं, हे कुणीतरी त्याच्या आईला सांगितलं होतं. दर वर्षी सुके बोंबील तयार झाले की त्या कुणाबरोबर तरी पिशवी पाठवायच्या, माझ्या लेकाला ज्यानं उचलला त्या भावाला दे म्हणून. त्या जाईपर्यंत पाठवत होत्या. मी पिशवी घ्यायचो. बायको कालवण करायची. मी जेवायचो.