एकही प्रश्न न विचारलेली साक्ष

माझ्या धाकट्या भावाला त्याच्याच वकिलाने फसवलं. कुऱ्हाडीने मारल्याची फिर्याद भावावर ज्या शेजाऱ्याने केली, त्या शेजाऱ्याचाही वकील हाच होता, शेतरस्त्याच्या दाव्यात. आम्हाला त्याने हे कधी सांगितलं नाही. भावाला सात वर्षांची शिक्षा झाली.

चूक माझीही आहे. किन्हीराजात एका बकरीपासून मी व्यापार उभा केला. डोकं तापट, पण सौद्यात मी तोंड उघडत नाही. समोरचा बोलत जातो, भाव उतरत जातो. वाशिमच्या कोर्टात शेजारी म्हणाला, "वार मागून झाला, तरी मी याला ओळखलं." आमचा वकील अर्धवट उठला, "प्रश्न नाहीत" म्हणाला आणि बसला.

कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत भाऊ म्हणाला, "अक्का, वकील काईच बोलून नाई राह्यला."

"तुले काय समजते? गप राह्यते तोच जिंकते."

शिक्षा लागल्यावर वकील म्हणाला, "अपिलात दम नाही, ताई." तेही मी मानलं. मुदत निघून गेली.

मग यंदा तहसीलची नोटीस आली. शेजाऱ्याच्या शेतरस्त्याच्या जुन्या दाव्यात आता धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून शेत असणाऱ्यांनाही बोलावलं होतं. तहसिलीत जाऊन मी फाईल उघडली. पहिल्याच पानांत शेजाऱ्याचं वकीलपत्र, खाली आमच्याच वकिलाची ती ऐटदार सही. तारीख पाहिली. भावाचा खटला उभा राहण्याच्या आधीची.

"काय झालं, मावशी?" कारकुनाने विचारलं.

"नक्कल दे, बापू. आत्ताच दे."

नक्कल छातीशी धरून मी बसस्टँडवर धावले. नागपूरच्या नव्या वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला. "इतका उशीर का झाला, ते कोर्टाला सांगावं लागेल."

"उशीर याच कागदात हाय, मॅडम. अपील करू नका म्हणणाराही हाच."

काल हायकोर्टाने उशीर माफ केला. अपील दाखल झालं. आज तुरुंगात जाळीपलीकडून भाऊ हसला, किती दिवसांनी. "अक्का, आता तरी बोलशीन ना?"

बोलते. त्या वकिलाने हायकोर्टापुढे उभं राहावं आणि सांगावं: मागून वार करणारा कसा ओळखला, हा एक प्रश्न त्याने काहून विचारला नाही? उत्तर मला नको. ते त्याने माझ्या भावाच्या तोंडावर द्यावं.