पायाशी ठेवलेली बाटली

आमच्या गाडीत पाणी टिकत नव्हतं आणि बाबांच्या अंगातलं पाणी बाहेर पडत नव्हतं. त्या दिवसांत मी या दोन पाण्यांच्या मधे उभी होते आणि दोन्हींनी माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

बाबांच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्यांना लालबागहून गिरगावात डायलिसिसला न्यायचं. परळला जागा मिळाली नाही, गिरगावात अकराची पाळी मिळाली. पाळी चुकली की अंगात साठलेलं पाणी छातीत चढणार. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, हृदय थकलंय, आता एकदा जरी पाणी चढलं तरी मी शब्द देणार नाही. म्हणून दिवसाला अर्धा लिटर पाणी, बस. त्यातच चहा, त्यातच आमटी. आईने स्टीलच्या तांब्याला आतून खूण करून घेतली होती आणि सकाळी त्या खुणेपर्यंत भरलेला तांब्या रात्रीपर्यंत पुरवायची.

टॅक्सीने का नाही नेत, असं विचारणाऱ्यांना मी आधी एक शिवी हासडायचे, मग उत्तर द्यायचे. बाबांना सरळ बसवत नव्हतं, धाप लागायची. एका टॅक्सीवाल्याने त्यांच्याकडे बघून मीटर परत वर केला, "रस्ते में कुछ हो गया तो?" मोबाइलवरून बोलावलेल्या गाड्या आमच्या चाळीची गल्ली बघून तोंडावरूनच पळायच्या. आमच्या जुन्या गाडीची पुढची सीट मागे पार आडवी होत होती, तेवढ्यावर सगळं चाललं होतं. ती गाडी बंद पडली की बाबाही संपले, एवढा साधा हिशेब होता.

आणि तीच गाडी तापून काटा लाल रेघेवर जायला लागला. सकाळी बॉनेट उघडावं तर रेडिएटरच्या पाण्याची टाकी अर्धी. खाली वाकून बघावं तर जमीन कोरडी ठणठणीत, एक थेंब नाही. मग पाणी जातं कुठे? मी दोन लिटरची बाटली भरून बाबांच्या पायाशी ठेवायला लागले. निघताना ओतायचं, भायखळ्याला काटा चढला की ओतायचं, सेंटरच्या दारात ओतायचं. किती ओतलं, किती उरलं, हे बघायला जीव थाऱ्यावर कुणाचा होता? येताना बाटली रिकामी, एवढंच मला दिसायचं. सेंटरला पोचलं की मी व्हीलचेअर आणायला आत पळायचे, तिथे रांग असायची. बाबा म्हणायचे, "तू जा गो सावकाश, मी बसतंय हय." मला बरं वाटायचं, निदान माणूस कुरकुर करत नाही.

बाबांनी गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं टेंपो चालवला होता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हळद टाक. आमी लायनीवर तेच करायचो." टेंपोवाल्यांचा हा जुना उपाय, हळद भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. आईने डब्यातून मूठभर काढून दिली, वर म्हणाली, बोट कापलं की लावतोच ना, तसंच. बुधवारी मी इमानेइतबारे गाडीला हळद पाजली.

गुरुवारी जाताना काटा शहाण्यासारखा मधोमध राहिला. मी खुशीत. पण आत बाबांना वजनकाट्यावर उभं केलं तर वजन दोन दिवसांत चार किलोने वर. तिथली सिस्टर माझ्यावर कडाडली, "कोण पाणी देतंय यांना? मारायचंय का?" सगळी माणसं बघत होती. बाबा खाली मान घालून बसले. आणि परत येताना चिंचपोकळीला बॉनेटमधून भसाभसा वाफ. हळदीने भेग बुजवली की नाही देव जाणे, आतले रस्ते मात्र बुजवून ठेवले. भर उन्हात बाबा सीटवर आडवे, मागचे लोक हॉर्न मारतायत, आणि मी रस्त्यावर उभी राहून रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

गाडी निवल्यावर थांबत थांबत कसंबसं घर गाठलं आणि सगळं आईवर काढलं. "तूच देतेस चोरून. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं की तुझा जीव पाघळतो. मारशील तू त्यांना एक दिवस." आईने देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हटलं, देवाला तरी सोड. तिने तांब्या उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते, निदान मला तसं वाटलं.

शुक्रवारी गाडी ओढून करी रोडच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक म्हातारा, तोंडात मावा, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, हवा भरली, पंपाच्या घड्याळातला काटा हळूहळू पडायला लागला. "प्रेशर गिरतंय. म्हणजे लिकेज आहे." हातातली बॅटरी पेटवून वाकला आणि हसायलाच लागला. रेडिएटरच्या कडेला, प्लास्टिक आणि जाळी जुळते तिथे, केसाएवढी पिवळी रेघ होती. गाडी तापली की ती फट उघडायची, पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन जायचं, म्हणून खाली थेंब नाही. "ताई, तुमच्या हळदीनेच चोर पकडून दिला. पण बाकी सगळ्या गाडीचं हळदी-कुंकू झालंय, धुवायला लागेल."

संध्याकाळपर्यंत त्याने नवा रेडिएटर बसवला, आतला पिवळा गाळ धुऊन काढला. तरी त्याचं समाधान होईना. "तुम्ही म्हणता रोज दोन-दोन लिटर पाणी जातं. एवढ्या फटीतून एवढं नाही जात. एवढं गेलं असतं तर इंजिन केव्हाच बसलं असतं. दुसरं कुठेतरी जातंय."  तो म्हणाला, उद्या गरम गाडी घेऊन या, परत बघतो.

शनिवारी धास्तीने बाटली भरून ठेवलीच होती, पण गाडी गिरगावला जाऊन आली, काटा हलला नाही. बाबांचं वजन मात्र पुन्हा साडेतीन किलोने वाढलेलं. किल्ली तर माझ्या कमरेला होती! डायलिसिस झाल्यावर त्यांना सीटवर आडवं करून मी तशीच गॅरेजला गेले. म्हाताऱ्याने पुन्हा पंप लावला. काटा जागचा हलला नाही. "टाइट आहे. एक थेंब जात नाही." मग त्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कुलंटचा डबा आणला, टाकी खुणेपर्यंत भरली आणि उरलेलं मला देत म्हणाला, "हे बाटलीत भरून गाडीत ठेवा, लागलं तर घालायला. पण सांभाळून. गोड लागतं, पण जहर आहे."

मी बाबांच्या पायाशी हात घातला, बाटली काढली, तळाशी उरलेलं घोटभर पाणी रस्त्यावर ओतलं आणि डबा तिच्या तोंडाशी धरला.

"गो, ती बाटली रवांदे," बाबा म्हणाले.

"का? हीच तर आहे."

"त्यात ता हिरवा घालू नको."

"अहो पण कित्याक?"

बाबा रस्त्यावरच्या ओल्या डागाकडे बघत होते. "ती माजी आसा."

मला समजायला वेळ लागला. मेकॅनिकला आधी समजलं. त्याने माझ्या हातातला डबा काढून घेतला, झाकण घट्ट लावलं आणि नेऊन डिकीत ठेवला. व्हीलचेअरच्या रांगेत जाताना मी दर वेळी त्यांच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवून जात होते. मी. आई नव्हे. मला त्यांचा भयंकर राग आला. पण ओठ बघितले, फुटून पापुद्रे निघालेले, आणि राग ठरेना. "आवशीक सांगू नको," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना माझ्यासमोर घाबरलेलं बघितलं.

सांगितल्याशिवाय कसं चालेल? आईला मी काय काय बोलले होते. त्यांना वर आणून निजवलं आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती.

"गाडयेचा पाणी खयसून जाय होता, गावला?" तिने विचारलं.

मी बाटली तिच्यासमोर ठेवली. "हीतून. बाबा पीत होते. मी आत गेले की." आणि मग बांधच फुटला, "आई, गुरुवारी मी तुला जे बोलले..."

"गप रव."

तिने माझ्या कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, तांब्या बाहेर घेतला. रात्रीच्या जेवणापुरतं पाणी त्यात उरलं होतं. बाटली विसळली, पुसली आणि तांब्यातलं दोन घोट पाणी मोजून तिच्यात ओतलं. तांब्यातलं तेवढं कमी झालं.

"मंगळवारी ही बरोबर ने," ती म्हणाली. "तेंका गाडयेत तान लागता."